आधी पाला मोजा, मग अळी आणा
(सामुदायिक रेडिओवर दिलेले भाषण)

मुरबाड, शहापूर, अंबरनाथ, टिटवाळा, कल्याणच्या आसपासची गावं, जिथून ऐकत असाल तिथून, हातातलं काम चालू ठेवूनच ऐका. भाकरी करपू देऊ नका.

मागच्या वेळी गटांच्या जोडधंद्यांविषयी बोलताना रेशीम शेतीचं नाव ओझरतं निघालं होतं. त्यावर बरेच फोन आले. शेड केवढी बांधायची, कर्ज किती मिळेल, कोषाला भाव काय, असे बहुतेक प्रश्न होते. एका मावशींनी मात्र निराळंच विचारलं. म्हणाल्या, "अगं, तुतीचा पाला कमी पडला तर त्या किड्याला दुसरं काय घालायचं? शेळीला कसं, बोर नाही तर बाभूळ, बाभूळ नाही तर पिंपळ. तसं चालतं का?" पत्रे किती लागतील ते कुठलाही दुकानदार सांगेल. पण मावशींनी विचारलं त्याच्यावर हा धंदा उभा राहतो नाहीतर आडवा होतो. आपल्या भागातले दोन गट यासाठी कर्ज काढायच्या बेतात आहेत, म्हणून आजचा सगळा वेळ पाल्यालाच देते.

उत्तर आधीच सांगून टाकते. नाही चालत. शेळीसारखं अजिबात नाही. रेशमाच्या अळ्यांच्या वेगवेगळ्या जाती आहेत आणि प्रत्येकीचं झाड ठरलेलं आहे. आपण पैठणी म्हणतो त्या साडीचं रेशीम तुतीच्या पाल्यावर वाढणारी अळी देते. दुसरी एरी, ती एरंडाचा पाला खाते, तिच्या नावातच एरंड आहे. तिसरी टसर, विदर्भात जिला कोसा म्हणतात. तिला ऐन आणि अर्जुन ही झाडं लागतात. चौथी मुगा, सोनेरी धाग्याची. ती आसामात असते, तिची झाडं आपल्याकडे नाहीत, म्हणून तिला आज बाजूला ठेवू.

तुतीची अळी हजारो वर्षं माणसाच्या घरात वाढली आहे. इतकी, की तिच्या पतंगाला पंख असूनही उडता येत नाही. तिची जीभ फक्त तुतीला ओळखते. 2019 साली चीनमधल्या शास्त्रज्ञांनी या अळीतलं चवीशी संबंधित एक जनुक बंद करून पाहिलं. तर तीच अळी फळं आणि धान्याचे दाणेसुद्धा कुरतडायला लागली. म्हणजे एरवी ती दुसऱ्या पाल्याला तोंड लावत नाही याचं कारण तिच्या चवीतच आहे. उपाशी राहील, वाळेल, पण पेरूचा नाहीतर वडाचा पाला खाणार नाही. जपानमध्ये फार वर्षांपासून कृत्रिम खाद्यावर अळ्या वाढवायचे प्रयत्न झाले, त्यात सोयाबीनची पेंड घातली, स्टार्च घातला, तरी तुतीच्या पानांची भुकटी घालावीच लागली. आणि त्या खाद्यावरचे कोष ताज्या पाल्यावरच्या कोषांपेक्षा साधारण हलकेच भरतात. तेव्हा कुणी तुम्हाला "पाल्याची काळजी नको, आमची पावडर घ्या" असं सांगायला आलं, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

आता उलट बाजू बघा. तुतीचं पान तोडलं की देठातून पांढरा चीक येतो. त्या चिकात साखरेसारखी दिसणारी पण साखरेचं पचन बिघडवणारी द्रव्यं असतात. 2006 साली जपानी शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की एरीच्या अळीला तुतीचा पाला घातला तर या चिकामुळे ती मरते. तुतीच्या अळीला मात्र त्याचं काहीच वाटत नाही. दोघी रेशमाच्याच, पण एकीचं जेवण ते दुसरीचं विष. म्हणून "दोन्ही जातींच्या अळ्या आणू, पाला अदलून बदलून घालू" असा हिशेब कुणी मांडत असेल तर तो आजच खोडून टाका.

एरीला थोडी निवड असते हे खरं. एरंड नसेल तर ती कसावा, म्हणजे ज्याच्या कंदापासून साबुदाणा करतात त्याचा पाला खाते. पपईचाही खाते. पण खाणं आणि अंगी लागणं यांत फरक आहे. एरंडावर वाढलेली अळी वजनाला भरते, वेळेत कोष करते, कोषाचं कवच जाड येतं आणि पुढं तिचा पतंग अंडीही जास्त घालतो. कसावा आणि पपईवर तीच अळी जगते, पण दिवस जास्त घेते आणि सगळंच थोडं थोडं कमी पडतं. आपल्या सासरी माहेरी बांधावर एरंड असतोच, म्हणून मला एरी आपल्याकडच्या बायकांसाठी विचार करण्यासारखी वाटते. फक्त झाड ओरबाडायचं नाही. साधारण चौथा हिस्सा पाला काढला तर एरंडाच्या बियांचं फारसं नुकसान होत नाही. सगळा खुडला तर तेलही गेलं आणि तूपही.

टसरचं ऐकाल तर तुम्हाला नवल वाटेल, कारण तिचं झाड आपल्या दारात आहे. ऐन. मुरबाड, शहापूरच्या बायांना ऐन काय सांगायचा? राबासाठी त्याचेच टहाळे तोडून, वाळवून आपण भाताच्या रोपाची जागा भाजतो. तोच ऐन गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाकडे कोशाचं झाड आहे. तिकडं ढिवर समाजाची माणसं पिढ्यानपिढ्या जंगलात टसरच्या अळ्या ऐनावर, अर्जुनावर सोडतात आणि राखण करतात. पाखरं, मुंग्या, गांधीलमाश्या, सगळ्यांचा डोळा त्या हिरव्यागार जाड अळीवर असतो. घरातली माणसं रात्रंदिवस तिथं मुक्काम ठोकून असतात. आपल्याकडच्या रानातही कधी बोरीच्या फांदीला देठानं लटकलेला, कोंबडीच्या लहान अंड्याएवढा टणक कोष सापडतो, तो याच जातीचा. बोरीवर ती जगते म्हणून सापडतो. पण पीक म्हणून घ्यायची तर ऐन आणि अर्जुन हीच तिची मुख्य झाडं, बाकीच्यांवर कोष लहान आणि अंडी कमी.

मग आपणही ऐनावर टसर का घेऊ नये? मला वाटतं, आत्ता तरी नको. आपला ऐन राबासाठी दरवर्षी छाटला जातो, त्यामुळे अळीला लागतो तसा फुटवा त्या दिवसांत अंगावर असेलच असं नाही. शिवाय झाडं बहुतेक वनखात्याच्या जमिनीवरची, म्हणजे परवानगी आली. आणि आपल्या पावसात उघड्यावरची अळी टिकवणं म्हणजे विदर्भातल्या पावसात टिकवण्यापेक्षा अवघडच. ज्यांना हौस आहे त्यांनी आधी गडचिरोलीत आरमोरीकडे जाऊन एक हंगाम डोळ्यांनी बघून यावा.

आता मी मुद्द्याच्या मध्यावर येते, आणि इथं जरा कान देऊन ऐका. रेशमाचा पतंग कोषातून बाहेर आला की काही खात नाही. पाणीसुद्धा पीत नाही. त्याला खायला तोंडच धड नसतं. नर-मादी भेटतात, मादी अंडी घालते आणि काही दिवसांत मरते. तुतीची मादी चारशे ते पाचशे अंडी घालते. टसरची दोनशेच्या आसपास. मग या अंड्यांचं सत्त्व आलं कुठून? अळी असताना जे पान खाल्लं त्यातून. दुसरा मार्गच नाही. आपल्याकडे बाळंतीण झाल्यावर डिंकाचे लाडू, अळीव, खारीक-खोबरं देतात. या बाईला ते काही मिळत नाही. तिची सगळी शिदोरी आधीच्या तीन-चार आठवड्यांत बांधलेली असते.

आणि ती शिदोरी ती दोन ठिकाणी वाटते. पानातल्या प्रथिनांचा एक भाग धाग्यात जातो, एक भाग अंगात, मादीच्या बाबतीत पुढं अंड्यात. म्हणून मादीचा कोष वजनाला नराच्या कोषापेक्षा जड, पण त्यात धाग्याच्या कवचाचा हिस्सा नराच्या कोषात जास्त असतो. पाला चांगला मिळाला तर दोन्हीकडे पुरतं. पाला कमी पडला, वाळका मिळाला, तर आधी अळी वेळकाढूपणा करते, मग कोष पोचट करते आणि मादी झाली तर अंडी कमी घालते. एकाच खोलीत कुणी कोष करायला निघालंय आणि कुणी अजून कात टाकतंय, असं चित्र दिसलं की रोगाआधी पाल्याकडे बघावं. पुष्कळदा काही अळ्यांपर्यंत पुरेसं खाणं पोचलेलंच नसतं.

तुतीवाल्या बायका म्हणतील, अंड्यांशी आमचा काय संबंध, आम्ही तर अंडीपुंज विकतच आणतो. बरोबर आहे, आणि तसंच करायचं. आपण घेतो ती अंडी संकरित जातीची असतात. त्यांच्या कोषातून पतंग काढून घरी बी धरलं तर पुढच्या पिढीत तो गुण राहत नाही. त्याहून मोठं कारण पेब्रीन नावाचा रोग. तो आईच्या अंड्यातून लेकरात येतो. 1865 सालापासून फ्रान्सच्या दक्षिणेत लुई पाश्चर या रोगाच्या मागं लागला होता आणि त्याची बायको मारी त्याच्याबरोबर अळ्या वाढवायचं काम करत होती. आता हे नाव इतिहासात बारीक अक्षरात येतं, म्हणून मी मुद्दाम मोठ्यानं घेतलं. त्यातून जी रीत निघाली ती अशी, की अंडी घातल्यावर आई पतंग चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा आणि रोग दिसला तर तिची सगळी अंडी जाळून टाकायची. आजही रोगमुक्त अंडीपुंज म्हणून जे मिळतात ते असे तपासलेले असतात. हे काम आपल्या ओटीवर होणारं नाही.

एरीच्या अन् टसरच्या पालक मात्र बहुतेकदा स्वतःच्याच पिकातले चांगले कोष बी म्हणून राखतात. त्यांच्यासाठी या वर्षीचा पाला म्हणजे पुढच्या वेळची अंडी. तिथं पाल्यात केलेली कंजुषी दोनदा भरावी लागते.

आता तुतीच्याच पाल्यात काय फरक पडतो ते बघू, कारण "तुती आहे ना, मग झालं" असं समजणंही महागात जातं.

अंड्यातून निघालेली अळी केसाच्या तुकड्याएवढी असते. कोष करायच्या वेळी तिचं वजन जवळपास दहा हजार पट झालेलं असतं, तेही साधारण 25 दिवसांत. या काळात ती चार वेळा कात टाकते, म्हणजे तिच्या पाच अवस्था होतात. पहिल्या दोन अवस्थांना चॉकी म्हणतात. चॉकीतल्या बाळअळीला शेंड्याजवळचं कोवळं, लुसलुशीत, पाणीदार पान लागतं, बारीक कापून. म्हातारं पान तिच्या दातांना झेपत नाही आणि कापलेलं पान सुकलं तर तिच्यासाठी ते कागदच. म्हणून पुष्कळ ठिकाणी शेतकरी चॉकी केंद्रातून दुसरी कात टाकलेल्या अळ्याच आणतात. पहिल्यांदा करणाऱ्या गटानं तेच करावं, हे माझं स्पष्ट मत. पुढं मोठ्या अळीला पक्व पान द्यायचं, फांदीसकट दिलं तरी चालतं. पण पिवळं पडलेलं, मातीनं भरलेलं, पावसानं भिजलेलं नाही.

ओल्या पानाचं आपल्याकडे फार सांभाळायला हवं. जून ते सप्टेंबर आपली हवाच ओली, त्यात भिजका पाला घातला की तळाशी कुजतं, उबट वास येतो आणि अळ्यांना रोग धरतात. पावसाळ्यात पाला तोडून पडवीत पसरून, पाणी निथळल्यावरच आत न्यायचा. ज्यांच्याकडे अशी पडवी नाही त्यांनी पावसाळ्याचं पीक सोडून द्यावं.

तुतीत जातीही आहेत. म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन संस्थेनं काढलेली व्ही-1 ही जात आपल्या राज्यात पुष्कळ लावतात, तिचं पान मोठं, जाड आणि उत्पन्न भरपूर. एस-36 चं पान चॉकीला चांगलं मानतात. पण व्ही-1 लावून तिला शेणखत घातलं नाही, पाणी दिलं नाही, तर ती नावालाच व्ही-1. पानात ओल आणि प्रथिनं येतात ती जमिनीतूनच. डोंबिवलीत एखाद्या सोसायटीच्या कुंपणाला तुतीचं झाड असतं, पोरं काळीकाळी फळं खातात. कुणी म्हणालं, अशा झाडांचा पाला गोळा करून आणू. नको. एक तर सावलीतलं पान पातळ आणि सत्त्वहीन. दुसरं, त्यावर रस्त्याची धूळ आणि गाड्यांचा धूर.

धुरावरून आपल्याकडची एक खास गोष्ट. कल्याण, भिवंडी, शहापूरकडे वीटभट्ट्या किती आहेत ते तुम्ही जाणता, आपल्यातल्या कित्येकजणी तिथं राबल्यासुद्धा आहेत. भट्टीच्या धुरातून मातीतलं फ्लोराइड हवेत येतं आणि पानावर बसतं. माणसाला लगेच काही कळत नाही, अळीला कळतं. चीनमध्ये वीटभट्ट्यांच्या पट्ट्यात यामुळे रेशमाची पिकं बुडाल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा भट्टीच्या वाऱ्याच्या वाटेवर तुती लावू नका. एमआयडीसीच्या शेजारीही नको. शेजारच्या शेतात भेंडी, काकडी, मिरची असेल आणि तो औषध मारत असेल तर त्याच्याशी आधीच बोलून ठेवा, कधी मारणार, वारा कुणीकडचा. कीडनाशकाला रेशमाची अळी सगळ्यांत आधी बळी पडते, कारण शेवटी तीही कीडच. आणि शेडमध्ये तंबाखू मळलेला हात पानाला लावायचा नाही. मशेरी लावणाऱ्या मावश्यांनो, तुम्हालाही सांगते हं. हात साबणानं धुवा, मगच पाल्याला लावा.

आता हिशेब. अंडीपुंज म्हणजे एका मादीची अंडी. 100 अंडीपुंजांतून चाळीस ते पन्नास हजार अळ्या निघतात. एवढ्यांना कोष होईपर्यंत साधारण एक टन पाला लागतो. पण तो सारखा लागत नाही, आणि घोटाळा होतो तो इथंच. पहिल्या दोन अवस्थांना मिळून दहाएक किलो, एक मोठी पाटी म्हणा. त्यामुळे पहिले आठ दिवस वाटतं, अरे, हे तर काहीच खात नाहीत, पाला उरतोय, पुढच्या वेळी दीडशे अंडीपुंज घेऊ. पाचव्या अवस्थेतल्या सात-आठ दिवसांत मात्र एकूण पाल्याच्या 80 टक्क्यांहून जास्त फस्त होतो. शेडमध्ये उभं राहिलं तर पावसाची सर पत्र्यावर पडावी तसा चावण्याचा आवाज येतो. त्या आठवड्यात पाला संपला तर मागच्या पंधरा-वीस दिवसांचे कष्ट गेले. धाग्याचं कवच त्याच आठवड्याच्या खाण्यावर ठरतं. चांगल्या कोषात वजनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा कवच असतं आणि व्यापारी त्यालाच भाव देतो. कल्याणहून गाडी पकडून जालन्याच्या कोष बाजारात माल नेला आणि तो पोचट निघाला, तर भाडंही सुटायचं नाही.

म्हणून शेडचं कोटेशन मागवण्याआधी हे करा. ज्यांनी तुती लावली आहे त्यांनी शेतातल्या वेगवेगळ्या जागची दहा झुडपं निवडा. बांधाजवळचीच चांगली चांगली नकोत, मधली, खुरटलेलीही घ्या. त्यांचा खाण्याजोगा पाला ओरबाडून वजन करा. समजा चार किलो भरला, तर एका झुडपाला 400 ग्रॅम पडले. एक टन पाल्याला अडीच हजार झुडपं लागतील. तुमच्याकडे हजार असतील तर 100 नाही, 40 अंडीपुंज घ्या, आणि त्यातही थोडं राखून 35 च घ्या, कारण एखाद दिवस ऊन, एखाद दिवस पाऊस, एखाद दिवस शेजारच्या म्हशी. लागवडीच्या पहिल्या वर्षी झाड मूळ धरत असतं, पाला कमीच येतो, त्या वर्षावर हप्ते बांधू नका. तुतीची लागवड रोजगार हमीतून होऊ शकते, त्याची चौकशी ग्रामपंचायतीत आणि रेशीम खात्याकडे करा. या खात्याचं संचालनालय 1997 पासून नागपुरात आहे आणि त्यांची माणसं जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. त्यांना भेटाल तेव्हा अनुदान किती हे तर विचाराच, पण आमच्या भागात चॉकी कुठून मिळेल आणि पाचव्या अवस्थेत पाला कमी पडला तर जवळपास तुती कुणाकडे आहे, हेही विचारून वहीत लिहून घ्या.

ज्या दोन गटांचं मी सुरुवातीला म्हटलं, त्यांच्या अध्यक्ष आणि सचिव ताईंनी पुढच्या मासिक बैठकीला येताना दहा झुडपांचं वजन घेऊन यावं. वजनकाटा भाजीवाल्या ताईकडचा चालेल.